पेन्शनीनंतरचा दवाखाना

मैत्रिणींनो, आपल्या सातारा जिल्ह्यात गावोगावी फौजींची घरं आहेत. आम्हीही त्याच घरांतल्या. मालक नोकरीत असेपर्यंत लष्करी इस्पितळ आमचं होतं. पेन्शनीत आल्यावर मात्र तिथे जागा असली, औषध असलं, तरच उपचार. मोठ्या दुखण्यात घरची पुंजी संपायची.

१ एप्रिल २००३ रोजी माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना सुरू झाली. वर्गणी एकदाच भरायची. युद्धविधवांना ती माफ. औषधं पॉलिक्लिनिकात मिळतात. तिथली चिठ्ठी घेऊन यादीतल्या खासगी रुग्णालयात गेलं, की बिल योजना भरते.

हा हक्क पत्नीचा आहे, तसाच फॅमिली पेन्शन घेणाऱ्या विधवेचाही. म्हणून आपलं कार्ड आपल्याच नावाचं काढू आणि आपल्याच हाताशी ठेवू.