ईस्टरची मुद्रा : एका लोकनिधीचा इतिहास

लोककार्यास पैसा लागतो, हे सांगण्यास इतिहासाची साक्ष नको; परंतु तो कोणाकडे, केव्हा आणि कोणत्या शब्दांत मागावा, हे शहाणपण मात्र अनुभवानेच येते. गणेशोत्सवाची वर्गणी गणपतीच्या सुमारासच मागितली जाते, आणि देणाराही त्या दिवसांत मनाची तयारी ठेवून असतो. दान आणि ऋतू यांची ही सांगड केवळ आपल्याकडचीच नाही. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील एलिरिया या गावी ज्या कार्याचा उगम झाला, त्या ‘ईस्टर सील’चा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

या कार्याचे मूळ एका पित्याच्या शोकात आहे. ३० मे १९०७ रोजी एलिरियात विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्यांचा भीषण अपघात झाला. एडगर ॲलन या व्यापाऱ्याचा तरुण मुलगा त्यात सापडला. गावात पुरेशा सोयींचे रुग्णालय नव्हते, मुलगा दगावला. ॲलन यांनी आपला व्यवसाय विकला आणि रुग्णालयासाठी निधी जमविण्यास स्वतःला वाहून घेतले. १९०८ साली ते रुग्णालय उभे राहिले. तेथे वावरताना त्यांना एक विदारक सत्य उमगले. गावोगावची अपंग मुले घरातच, लोकांच्या नजरेआड ठेवली जात होती. अशा मुलांसाठी १९१५ साली एलिरियात स्वतंत्र रुग्णालय सुरू झाले.

रुग्णालय एका गावाचे होते. प्रश्न मात्र साऱ्या राज्याचा होता. येथे रोटरी क्लब पुढे आले. शिकागोत १९०५ साली पॉल हॅरिस यांनी रोटरीची स्थापना केली होती. परस्परांच्या स्नेहासाठी जमणारे व्यापारी, वकील, डॉक्टर हळूहळू समाजसेवेकडे वळले होते. ओहायोतील रोटरी सभासदांच्या पाठबळाने ॲलन यांनी १९१९ साली अपंग मुलांसाठी राज्यव्यापी संस्था स्थापन केली, आणि १९२१ पर्यंत तिला राष्ट्रीय रूप आले.

पुढे १९२९ नंतरच्या महामंदीने धनिकांचे हात आखडले. तेव्हा संस्थेने जी वाट धरली, ती तीस वर्षांपूर्वी डेन्मार्कमध्ये पडली होती. आयनर होल्बॉल या टपाल कर्मचाऱ्याने नाताळच्या पत्रांवर चिकटविण्यासाठी एक शोभेची मुद्रा काढण्याची कल्पना मांडली. १९०४ च्या पहिल्याच नाताळात अशा चाळीस लाखांहून अधिक मुद्रा खपल्या. टपालखर्चासाठी तिचा काहीच उपयोग नव्हता. तिचे सारे मोल दानाचे होते. १९०७ साली एमिली बिसेल यांनी डेलावेअर राज्यातील क्षयरोग्यांच्या एका लहान आरोग्यधामासाठी अशाच मुद्रा एकेक सेंटला विकल्या. हवे होते तीनशे डॉलर. जमले सुमारे तीन हजार.

नाताळ असा क्षयरोगनिवारणाच्या वाट्याला गेला होता. अपंगांच्या संस्थेने वसंतातील ईस्टर निवडला. कडक हिवाळा सरून झाडांना पालवी फुटण्याचे ते दिवस. पुनरुत्थानाचा तो सण. १९३४ च्या वसंतात पहिली ईस्टर मुद्रा निघाली. तिचे रेखाटन क्लीव्हलंड येथील वृत्तपत्राचे व्यंगचित्रकार जे. एच. डोनाही यांनी केले. अपंगांना केवळ सर्वसामान्य जीवन जगण्याचा हक्क हवा आहे, या विचाराने त्यांनी ते मुद्दाम साधे ठेवले. दात्याने आपल्या पत्रावर मुद्रा लावली की त्याचे दान त्या पत्राबरोबर प्रवास करी आणि दुसऱ्या घरी जाऊन तेथेही आवाहन करी. १९५२ साली ईस्टरशी निगडित असलेले लिलीचे फूल हे संस्थेचे अधिकृत चिन्ह झाले.

तथापि या यशाला एक छायाही होती. निधी जमविताना कुबड्या घेतलेल्या मुलांची चित्रे पुढे केली जात. करुणेने पैसा येई. परंतु ज्यांच्यासाठी तो येई, ते जनमानसात कायमचे दयेचे विषय ठरत. १९७० नंतर अमेरिकेतील अपंगांच्या हक्कांच्या चळवळीने अशा आवाहनांवर उघड टीका केली. डोनाही यांच्या मनातील ‘हक्क’ हा शब्द मागे पडून दया तेवढी उरली होती, असेच या टीकेचे सार म्हणता येईल. १९६७ साली मुद्रेचे नाव संस्थेच्या नावात आले आणि पुढे ‘पंगू’ हा शब्द त्यातून गळला. १९९० साली अपंगांच्या हक्कांचा व्यापक कायदा अमेरिकेत संमत झाला. जे मुद्रेने मागितले, ते कायद्याने मान्य होण्यास छप्पन्न वर्षे लागली.

भारतातही हा मार्ग परका राहिला नाही. क्षयरोगनिवारणासाठी आपल्याकडे १९५० पासून ‘टी. बी. सील’ निघू लागले, आणि त्याच्या मोहिमेच्या आरंभासाठी गांधीजयंतीचा दिवस निवडला गेला. सण बदलला, पंचांग बदलले. रीत तीच राहिली.

सेवाभावी मंडळांच्या वार्षिक निधिसंकलनाचे बळ या रीतीत आहे. एका धनिकाच्या देणगीने इमारत उभी राहते. ठरल्या ऋतूत घरोघर मागितलेल्या लहान रकमेमुळे ते कार्य घराघराचे होते. मात्र मागणाऱ्याने कोणाच्या नावाने मागतो आहोत याचे भान राखले पाहिजे. ज्याच्यासाठी झोळी पसरायची, त्याची मान खाली जाणार नाही अशा शब्दांत ती पसरावी, हा एलिरियाच्या इतिहासाचा बोध आहे. वर्गणीवर जगणाऱ्या प्रत्येक संस्थेने तो जवळ बाळगावा.