आयर्लंडमधील देशांतर, लोकसंख्येचा ऱ्हास आणि भाषापरिवर्तन

एकोणिसाव्या शतकात यूरोपातील बहुतेक देशांची लोकसंख्या वाढत गेली. आयर्लंडची मात्र घटली. इ. स. १८४१ च्या शिरगणतीत त्या बेटावर ८१ लाख ७५ हजार लोकांची नोंद झाली होती. १८५१ मध्ये ही संख्या ६५ लाख ५२ हजारांवर आली आणि १९११ मध्ये ४३ लाख ९० हजारच उरली. या घटीचे कारण म्हणून १८४५ ते १८५२ च्या महादुष्काळाकडे बोट दाखविले जाते. आयरिश भाषेत त्याला ‘गॉर्टा मोर’, म्हणजे ‘मोठी भूक’ असे नाव आहे. तथापि दुष्काळाने एका दशकाच्या हानीचा उलगडा होतो. पुढील सहा दशके चालू राहिलेल्या ऱ्हासाचा होत नाही. त्या काळात आयर्लंडात जन्म मृत्यूंपेक्षा अधिकच होते. असे असूनही लोकसंख्या घटत राहिली, याचे कारण देशांतर हा कुटुंबव्यवस्थेचाच एक भाग होऊन बसला होता, हे होय.

देशांतराचा प्रारंभ दुष्काळाने झाला असेही म्हणता येत नाही. १८१५ ते १८४५ या तीस वर्षांत सुमारे ८ ते १० लाख लोक उत्तर अमेरिकेस गेले होते. तरीही लोकसंख्या वाढतच होती, कारण बटाट्याच्या पिकामुळे लहानशा तुकड्यावरही एका कुटुंबाचा निर्वाह होऊ शके. बाप जमिनीचे तुकडे करून मुलांना देई आणि मुले लवकर संसार थाटीत. १८४५ च्या शरद ऋतूत बटाट्यावर बुरशीसदृश जीवामुळे होणारा रोग पडला आणि ही सारी रचना कोसळली. उपासमार व साथीचे ज्वर यांनी सुमारे १० लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि जवळजवळ तितक्याच लोकांनी देश सोडला. निसर्गाच्या कोपास कायद्याचीही जोड मिळाली. १८४७ च्या कायद्यातील एका कलमान्वये पाव एकराहून अधिक जमीन कसणाऱ्यास सरकारी साहाय्य नाकारण्यात आले. अन्न हवे तर जमीन सोडावी, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होता. त्याच वर्षी कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीतील ग्रोस ईल या बेटावर, जेथे रोगी प्रवाशांना अडवून ठेवीत, ५ हजारांहून अधिक आयरिश देशांतरितांचे दफन करावे लागले.

जे मागे राहिले त्यांनी या अनुभवातून एक धडा घेतला. जमिनीची वाटणी बंद झाली. शेत एका मुलाकडे जाई. त्याच्या वधूने आणलेल्या हुंड्यातून बहुधा एका बहिणीचे लग्न होई. उरलेल्या भावंडांपुढे अविवाहित राहणे किंवा देश सोडणे हेच मार्ग असत. विवाह लांबत गेले. १९११ मध्ये पंचेचाळीस ते चोपन्न या वयाच्या स्त्री-पुरुषांपैकी सुमारे एक चतुर्थांश अविवाहित होते. अन्य यूरोपीय देशांतून मुख्यतः पुरुष बाहेर पडत. आयर्लंडातून स्त्रियाही जवळजवळ तितक्याच संख्येने गेल्या. आधी गेलेली बहीण घरकाम करून पैसे साठवी आणि धाकट्या भावंडाच्या जहाजाचे भाडे पाठवी. निघणाऱ्याच्या घरी आदल्या रात्री आप्तेष्ट जमून रात्र जागवीत. ही रीत मृताच्या घरच्या जागरणावरूनच आलेली असल्याने तिला ‘अमेरिकन वेक’ असे नाव पडले. आयरिश भाषेत अशा माणसास ‘द्योरी’ म्हणत. या शब्दाचा अर्थ ‘परागंदा’ असा आहे. घरच्या व्यवस्थेनेच ज्याला बाहेर धाडले त्याचे वर्णन भाषा मात्र हद्दपार झालेला असे करी, ही विसंगती अर्थपूर्ण आहे.

या व्यवस्थेचा भाषेवरील परिणाम दूरगामी ठरला. दुष्काळाचा सर्वाधिक आघात पश्चिम व दक्षिण भागांवर, म्हणजे आयरिश बोलली जात असलेल्या प्रदेशावर झाला. एकट्या कॉनक्ट प्रांताची लोकसंख्या १८४१ ते १८५१ या दशकात जवळजवळ २९ टक्क्यांनी घटली. १८५१ च्या शिरगणतीत १५ लाख २४ हजार आयरिशभाषक नोंदले गेले. १९११ मध्ये ते ५ लाख ८२ हजार राहिले. ही घट लोकसंख्येच्या घटीहून कितीतरी अधिक आहे. म्हणून केवळ माणसे गेल्याने भाषा गेली असे म्हणणे अपुरे ठरते. १८३१ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय शाळांचे माध्यम इंग्रजी होते, परंतु केवळ शाळांनाही दोष देता येत नाही. मुलाच्या गळ्यात काठी बांधून तो आयरिश बोलला की तिच्यावर खाच पाडावयाची आणि खाचांच्या संख्येनुसार शिक्षा करावयाची, ही पद्धत पालकांच्या संमतीने चाले. ज्या मुलाला पुढे बॉस्टनला किंवा लिव्हरपूलला जावयाचे होते, त्याच्या दृष्टीने इंग्रजी हीच शिदोरी होती. जावयाचे एखाद्या मुलास असले तरी तयारी सर्वांचीच करावी लागे. परिणामी जो घरी राहिला तोही इंग्रजीभाषक झाला.

स्वातंत्र्याने हा प्रवाह थांबला नाही. अमेरिकेने १९२१ व १९२४ मध्ये निर्बंध घातल्यावर आणि पुढे तेथे मंदी आल्यावर तो ब्रिटनकडे वळला. १९५१ ते १९६१ या दशकात सुमारे ४ लाख लोक प्रजासत्ताकातून बाहेर पडले आणि १९६१ मध्ये तेथील लोकसंख्या २८ लाख १८ हजार या नीचांकास पोहोचली. त्यानंतर उद्योगवाढीमुळे ती वाढू लागली. १९८० नंतरच्या दशकात आणि २००८ च्या आर्थिक संकटानंतर देशांतराने पुन्हा उचल खाल्ली, तरी २०२२ मध्ये लोकसंख्या ५१ लाख ४९ हजार झाली. उत्तर आयर्लंडचे २०२१ मधील १९ लाख ३ हजार त्यात मिळविले, तरीही १८४१ चा आकडा गाठला जात नाही.

सारांश, आयर्लंडच्या ऱ्हासाचा आरंभ दुष्काळाने तीव्र केला, परंतु तो टिकविला तो वारसा, विवाह आणि देशांतर यांच्या परस्परावलंबी रचनेने. अर्थव्यवस्था बदलताच लोकसंख्या सावरू लागली. भाषेची हानी मात्र त्या प्रमाणात भरून आलेली नाही. माणसे बाहेरून परत येऊ शकतात; आईबापांनी मुलांशी बोलणे थांबविलेली भाषा तशी परत येत नाही.