माळीण ते काठमांडू : सैन्य वेळेवर पोहोचले, मग विश्वास कुठे अडला?

१/ ३० जुलै २०१४. शिनोलीहून पुढे, आंबेगाव तालुक्याच्याच डोंगराळ भागातील माळीण गावावर डोंगर कोसळला. एसटीच्या चालकाला नेहमीच्या ठिकाणी गावच दिसेना, तेव्हा ही वार्ता बाहेर पोहोचली. १५१ जणांचा मृत्यू झाला.

२/ राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलापुढे तेथे अडचणी होत्या त्या पावसाच्या, चिखलाच्या आणि अरुंद रस्त्याच्या. परवानगीचा प्रश्न नव्हता. भूमी आपली, शासनही आपलेच. हेच दल सीमेपलीकडे गेले तर? अवघ्या नऊ महिन्यांत तो प्रसंग आला.

३/ २५ एप्रिल २०१५. नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे ९ हजार माणसे दगावली. भारताने त्याच दिवशी ‘ऑपरेशन मैत्री’ आरंभून विमानांतून बचाव पथके काठमांडूस धाडली.

४/ या वेगामागे जुने लष्करी नाते होते. भारतीय सैन्यात नेपाळचे गोरखा सैनिक होते, निवृत्त गोरखांच्या निवृत्तिवेतनाची भारतीय कार्यालये नेपाळात होती. दोन्ही देश परस्परांच्या लष्करप्रमुखांना मानद जनरल हे पद देत आले आहेत.

५/ मात्र लष्कराचे यश वाचलेल्या जिवांवरून मोजले जाते, तर राजकीय यश यजमान देशाच्या विश्वासावरून. भारतीय वृत्तवाहिन्या मदतीपेक्षा मदतीची जाहिरातच अधिक करतात, असे अनेक नेपाळींना वाटले. मेच्या आरंभी ‘गो होम इंडियन मीडिया’ ही हाक समाजमाध्यमांवर गाजली.

६/ यजमानाचा शब्द अखेरचा असतो, हे इतरांनाही उमगले. ब्रिटनची तीन चिनूक हेलिकॉप्टरे भारतापर्यंत आली. नेपाळने परवानगी न दिल्याने ती तशीच परतली. ४ मे रोजी नेपाळने परदेशी शोध व बचाव पथकांना माघारी जाण्यास सांगितले.

७/ खरी कसोटी पुढेच होती. २० सप्टेंबरला नेपाळची नवी राज्यघटना लागू झाली. मधेशींचे आंदोलन पेटले, सीमेवर मालमोटारी अडल्या, इंधन व औषधांची टंचाई झाली. नेपाळने भारतावर नाकेबंदीचा आरोप केला. भारताने तो फेटाळला. तरी एप्रिलमध्ये कमावलेला सद्भाव त्या हिवाळ्यात ओसरला.

८/ सैनिकांनी आपले काम चोख केले होते. उणीव होती ती एप्रिलची मदत आणि सप्टेंबरचे धोरण यांना जोडणाऱ्या दुव्याची. म्हणून परदेशातील मदतमोहिमेचा इतिहास वाचताना पहिले विमान कधी उतरले एवढेच पाहू नये. शेवटचे विमान परतल्यानंतरचे वर्षही वाचावे.