गोमंतकातील कॅथलिक शाळा, बालसंस्कार आणि मराठी ओवी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मुलाला कोणी वाढवावे, काय शिकवावे आणि कोणत्या भाषेत शिकवावे, हे प्रश्न प्रत्येक समाजापुढे असतात. पोर्तुगीज राजवटीतील गोमंतकात सोळाव्या शतकात हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी उभे राहिले. युरोपातील लॅटिन अभिजात शिक्षणाची परंपरा जेझुइट धर्मगुरूंबरोबर येथे आली आणि चर्चभोवती शाळा, गायनवर्ग व धर्मशिक्षण यांची व्यवस्था उभी राहिली. परंतु खेड्यातील मुलाच्या मनापर्यंत पोहोचण्यासाठी या व्यवस्थेला मराठी ओवीचा आधार घ्यावा लागला. ही ओवी गोदावरीच्या खोऱ्यात वाढली होती. पैठण, नेवासे आणि अंबाजोगाई ही गावे तिच्या इतिहासातील महत्त्वाची स्थाने आहेत. त्यामुळे गोमंतकातील या शैक्षणिक प्रयोगाचा मराठवाड्याशीही जवळचा संबंध पोहोचतो. प्रस्तुत लेखात या प्रयोगाचे स्वरूप, त्याचे यश आणि त्याच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

अभिजात अभ्यासक्रमाचे स्वरूप :

इ. स. १५४१ मध्ये गोव्यात एतद्देशीय मुलांच्या शिक्षणासाठी एक संस्था स्थापन झाली. पुढे ती जेझुइटांकडे आली व संत पॉल महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झाली. १५४२ मध्ये गोव्यात आलेले संत फ्रान्सिस झेवियर रस्त्यांतून घंटा वाजवीत मुलांना गोळा करीत आणि त्यांच्याकडून धर्मतत्त्वे तालावर म्हणवून घेत. १५५६ मध्ये भारतातील पहिला छापखाना याच महाविद्यालयात सुरू झाला.

जेझुइटांनी १५९९ मध्ये आपल्या सर्व शाळांसाठी एक समान शिक्षणसंहिता जाहीर केली. तीत व्याकरणाच्या तीन पायऱ्या, त्यानंतर साहित्य आणि शेवटी वक्तृत्व असा क्रम होता. सिसेरो व व्हर्जिल यांचे पाठांतर, रोजची उजळणी, निबंधलेखन, वादविवाद आणि नाट्यप्रयोग ही तिची साधने होती. शिक्षा करण्याचे काम गुरूकडे नसून संघाबाहेरील व्यक्तीकडे असावे, असाही नियम होता. गुरूविषयी मुलांच्या मनात भीतीपेक्षा आदर राहावा, ही दृष्टी त्यामागे दिसते. मात्र हे लॅटिन शिक्षण मूठभर मुलांपुरतेच मर्यादित राहिले.

गावातील चर्चशाळा :

सर्वसामान्य मुलांसाठी चर्चला जोडलेल्या शाळा होत्या. तेथील ‘मेस्त्र’ हा धर्मशिक्षण, अक्षरओळख, गायन, स्वरलेखन व व्हायोलिन असे सर्व काही शिकवीत असे. पूजाविधीसाठी गायक व वादक लागत, म्हणून संगीत हा या शिक्षणाचा गाभा बनला. येथे मूल समूहात गाण्यास शिके. आपला सूर इतरांच्या सुरात कसा मिळवावा, हा त्याचा पहिला सामाजिक संस्कार होता.

या परंपरेचे फळ फार दूरवर पोहोचले. ब्रिटिश भारतातील वाद्यवृंदांत आणि पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोमंतकीय वादकांनी मोलाचे काम केले. मजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचे वडील चर्चमधील गायनवृंदाचे प्रमुख होते. संगीतकार प्यारेलाल हे या गोन्साल्विसांचे शिष्य. गावातील चर्चशाळेतून चालत आलेली विद्या अशा रीतीने साऱ्या देशाच्या कानी पडली.

मूल कोणाचे ?

या व्यवस्थेची दुसरी बाजूही इतिहासाने नोंदवली आहे. १५५९ च्या राजाज्ञेनुसार आई, वडील, आजा व आजी हयात नसलेल्या हिंदू मुलांना संत पॉल महाविद्यालयाच्या स्वाधीन करावयाचे होते. त्यांचा बाप्तिस्मा करून तेथेच संगोपन करावे, अशी योजना होती. पुढे वडील वारलेल्या, परंतु आई जिवंत असलेल्या मुलांनाही हा नियम लावला गेला. त्यामुळे कित्येक कुटुंबांनी मुले लपवली, तर काहींनी मुलांसह पोर्तुगीज हद्द सोडली. चुलता, मामा किंवा आत्या यांनी पोरक्या मुलाला पोटच्या मुलासारखे वाढवावे, ही येथील रीत होती. राजाज्ञेने ती जुमानली नाही. शाळेत अन्न, वस्त्र व विद्या मिळत असली तरी घर तोडून दिलेले शिक्षण हे त्या घराच्या दृष्टीने अपहरणच ठरते. या शिक्षणाचे मूल्यमापन करताना ही वस्तुस्थिती दृष्टीआड करता येत नाही.

क्रिस्तपुराण आणि ओवीचा संस्कार :

१५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांनी सासष्टी भागात सुमारे चाळीस वर्षे काम केले. ग्रीक व लॅटिन जाणणाऱ्या या धर्मगुरूने १५८३ च्या पत्रात येथील भाषांची रचना त्या दोन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे नमूद केले होते. नवख्रिस्ती कुटुंबांपुढे मोठी पोकळी होती. जुनी पुराणे वर्ज्य झाली होती आणि त्यांच्या जागी ऐकण्यासारखे, मुलांना सांगण्यासारखे काही नव्हते. ही उणीव भरून काढावी, अशी एका ब्राह्मण ख्रिस्ती श्रोत्याची विनंती क्रिस्तपुराणाच्या आरंभीच आली आहे. हा ग्रंथ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापला गेला. दोन भागांत मिळून त्याचे ९५ अवस्वर, म्हणजे अध्याय, असून ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या जवळपास आहे.

स्टीफन्स यांनी आपल्या श्रोत्यांसाठी व्हर्जिलचे वृत्त निवडले नाही. त्यांनी साडेतीन चरणांची ग्रांथिक ओवी स्वीकारली. मुकुंदराजांनी अंबाजोगाईत, ज्ञानेश्वरांनी नेवाशात आणि स्टीफन्स यांच्याच काळातील संत एकनाथांनी पैठणात जी वाट रुळवली, तीच या ग्रंथाने धरली. भाषा मराठी ठेवली, परंतु शुद्ध मराठी तेथील लोकांना अवघड जाईल म्हणून तीत कोकणी शब्द मिसळले, असे त्यांनीच प्रस्तावनेत सांगितले आहे. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजताना त्यांना संकोच वाटला नाही. रविवारी आणि सणांच्या दिवशी चर्चमध्ये या पुराणाचे वाचन होत असे. आजी-आजोबा आणि नातवंडे एकत्र बसून कथा ऐकत, हा पुराणश्रवणाचा जुना घरगुती संस्कार नव्या धर्मातही टिकून राहिला. लॅटिन संहितेत जे स्थान व्हर्जिलला होते, ते गावातील मुलांसाठी ओवीने घेतले, असे म्हणता येते. १६२२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांची कोकणी प्रश्नोत्तरी प्रसिद्ध झाली. तीही मुलांच्या धर्मशिक्षणासाठीच होती.

भाषाबंदी व तिचे परिणाम :

१६८४ मध्ये व्हाइसरॉय कौंट आल्व्होर यांनी तीन वर्षांत लोकभाषेचा वापर सोडून पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम काढला. धर्मगुरूंनी व शाळामास्तरांनी मुलांना पोर्तुगीजमधूनच शिकवावे, असे त्यात सांगितले होते. हुकुमाने भाषा मरत नाही. कोकणी घरात जिवंत राहिली, पण शाळेतून व छापखान्यातून ती हद्दपार झाली. घरची भाषा आणि विद्येची भाषा यांच्यात भिंत उभी राहिली. १७५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाने जेझुइटांना आपल्या राज्यातून घालवून दिले आणि उच्च शिक्षणाचा आधारही निखळला. क्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ च्या मूळ आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे ग्रंथ पुन्हा छापला, तेव्हाच तो अभ्यासकांच्या हाती आला.

वसईचा अनुभव :

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तेथील कॅथलिक समाजाने घरी सामवेदी, वाडवळी या बोली आणि लिखाणात मराठी टिकवून धरली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृत्यू २०२४) यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे दीर्घकाळ संपादन केले व ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. क्रिस्तपुराणाच्या पहिल्या छपाईनंतर ४०४ वर्षांनी एका कॅथलिक धर्मगुरूला मराठवाड्याच्या भूमीवर हा मान मिळावा, ही घटना अर्थपूर्ण आहे. भाषा न तोडणाऱ्या शिक्षणाचे हे फळ मानावे लागेल.

समारोप :

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, शिस्त, पाठांतर, संगीत व समूहजीवन यांवर उभारलेल्या या शिक्षणाने गोमंतकीय समाजाला टिकाऊ सांस्कृतिक भांडवल दिले. दुसरी, राजसत्तेच्या बळावर मूल कुटुंबापासून वेगळे केले गेले तेव्हा तेच शिक्षण अन्यायाचे साधन झाले. तिसरी, घर व शाळा यांना जोडणारा पूल भाषेचाच असतो. स्टीफन्स यांनी तो ओवीने बांधला आणि १६८४ च्या हुकुमाने तो मोडला. मुलांना घरच्या भाषेपासून दूर नेणाऱ्या शिक्षणाची ओढ आज खेडोपाडी वाढत आहे. अशा वेळी या इतिहासाचे स्मरण शिक्षक व पालक या दोघांनाही उपयुक्त ठरेल.