अळीखत

अळीखत : ओल्या कचऱ्यावर माशीच्या अळ्या पोसून त्यांची विष्ठा आणि उरलेला चोथा यांपासून तयार केलेले सेंद्रिय खत. या कामासाठी जगभर प्रामुख्याने एकच कीटक वापरतात, तो म्हणजे हर्मेशिया इल्युसेन्स, अर्थात ब्लॅक सोल्जर माशी. कचऱ्याच्या क्षेत्रातली मंडळी तिला नुसते ‘बीएसएफ’ म्हणतात. मूळची अमेरिका खंडातली ही माशी आता सगळ्याच उष्ण प्रदेशांत स्थिरावली आहे. पुण्यात तर ती न बोलावता येते. बाल्कनीतल्या खताच्या डब्यात आठ-पंधरा दिवस भाजीची देठे आणि उरलेला भात पडला, की एका सकाळी झाकण उघडताच आत वळवळ दिसते. ‘खतात किडे पडले’ असे म्हणून अनेक जण डबा ओतून देतात. ही समजूत चुकीची आहे. अळ्या पडणे हा बिघाड नव्हे. पण ‘पंधरा दिवसांत खत’ हा या तंत्राच्या उत्साही प्रचारकांचा दावाही तितकाच चुकीचा आहे. अळी कचरा फार वेगाने संपवते, पण खत करत नाही. ते तिच्यामागून येणाऱ्या जिवाणू-बुरशींचे काम असते.

ही माशी घरमाशीसारखी मुळीच दिसत नाही. काळी, सडपातळ, दीड-दोन सेंटिमीटर लांब. पाहताक्षणी कुंभारीण वाटावी अशी, पण तिला नांगी नसते. पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक ठिपके असतात, त्यांतून उजेड आरपार दिसतो. मादी कुजणाऱ्या पदार्थावर न बसता त्याच्या जवळच्या कोरड्या फटीत पाचशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त अंडी घालते. झाकणाच्या कडेला फिकट पिवळा पुंजका दिसतो तो हाच. सुमारे चार दिवसांत अंडी फुटतात आणि पुढचे दोन-तीन आठवडे अळी फक्त खाते. त्यानंतर तिचा रंग गडद तपकिरी होतो, तोंड निकामी होते आणि ती अन्न सोडून कोरडी जागा शोधायला निघते. रात्रीतून डब्याच्या भिंती चढून बाल्कनीभर पसरलेल्या काळपट अळ्या त्या याच. कीटकपालक या सवयीचा उपयोग करून घेतात. टोपल्याला एक उतार ठेवला, की अळ्या आपण होऊन गोळा होतात. प्रौढ माशी जेमतेम आठवडाभर जगते आणि अळीपणी साठवलेल्या चरबीवरच निभावते. त्यामुळे स्वयंपाकघरातल्या ताटावर बसण्याचे तिला काही कारणच नसते.

पुण्यापुरता हा विषय कीटकशास्त्राच्या वर्गातून आलेला नाही. तो कचऱ्याच्या राजकारणातून आला. शहरात रोज दोन हजार टनांहून अधिक कचरा निघतो आणि त्यात ओल्याचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. कित्येक दशके हा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात जाऊन पडला. २०१७ च्या उन्हाळ्यात तिथल्या डेपोला आग लागली आणि ग्रामस्थांनी तीन आठवड्यांहून जास्त काळ गाड्या अडवून धरल्या. त्याआधीच, २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज शंभर किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्या, हॉटेले आणि संस्था यांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितले होते. ‘जिरवणे’ हा पुणेकरांनी या कामासाठी रूढ केलेला शब्द मोठा बोलका आहे, कारण कचरा नाहीसा करायचा की त्याचे खत करायचे, हे त्यात मोघमच राहते. महापालिकेने मिळकतकरात सवलत दिली ती गांडूळखताला, सौरऊर्जेला आणि पावसाचे पाणी साठवण्याला. सोसायट्यांच्या आवारात ‘गांडूळखत प्रकल्प’ अशी पाटी लागली. आतल्या टाकीत प्रत्यक्षात कोणता जीव काम करतो आहे, याची चौकशी मात्र क्वचितच झाली.

गांडूळ आणि अळी यांची तुलना इथे करायला हवी. गांडुळाला अर्धवट कुजलेले, गार, बेताचे ओले खाद्य लागते. ताजा कचरा तापला की ते मरते. तेलकट रस्सा, लिंबाच्या साली, मांसाचे तुकडे त्याला सोसत नाहीत. अळी यातले जवळपास सगळे खाते. स्वित्झर्लंडच्या एआवाग या संस्थेने विकसनशील देशांतील शहरांसाठी २०१७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत पाच दिवसांच्या दहा हजार अळ्या बारा दिवसांत सुमारे पंधरा किलो ओला कचरा खातात, असे प्रमाण धरले आहे. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नाडेप पद्धतीला तीन-चार महिने लागतात, हे लक्षात घेतले की या वेगाची भुरळ का पडते ते कळते. पण ही तुलना न्यायाची नाही. नाडेपच्या टाकीतून निघते ते मुरलेले खत असते. अळीच्या टोपल्यातून निघतो तो अमोनियाचा वास मारणारा चोथा. तो तसाच कुंडीत घातला तर रोपांची मुळे करपतात. पालापाचोळा मिसळून, हलका ओलावा राखून किमान चार आठवडे मुरवल्यावरच तो खत म्हणून वापरता येतो. खात्री करायची तर त्यात मूठभर मेथी पेरून पाहावी. कोंब पिवळे पडले तर आणखी थांबावे. गांडुळे सोडायची असतील तर तीही या टप्प्यावर, अळीची पाळी संपल्यावर.

दुसरा मुद्दा हिशेबाचा, आणि तो प्रचारात सोयीस्करपणे गाळला जातो. वाळवलेल्या अळीत ढोबळमानाने चाळीस टक्के प्रथिने आणि तीस टक्के चरबी असते. त्यामुळे कोंबड्या आणि मासे यांच्या खाद्यासाठी तिला मागणी आहे. युरोपीय संघाने २०१७ मध्ये मत्स्यखाद्यात आणि २०२१ मध्ये कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात कीटकप्रथिनांना परवानगी दिली. पण हे प्रथिन येते कुठून? कचऱ्यातल्या नत्रातूनच. अळ्या वेचून विकल्या तर तेवढे नत्र शहराबाहेर गेले, खतात उरले नाही. एकाच कचऱ्यातून भरपूर खाद्य आणि भरपूर खत, दोन्ही मिळतील असे सांगणारा माणूस एकच रुपया दोन खात्यांत जमा दाखवतो. शिवाय ज्या युरोपचा दाखला दिला जातो, तिथे पशुखाद्यासाठीच्या अळ्यांना स्वयंपाकघरातले उष्टे खाऊ घालायला बंदी आहे, आणि त्यांची विष्ठा बाजारात आणण्यापूर्वी ७० अंश सेल्सिअसला तासभर तापवावी लागते.

आक्षेप उरतात ते घाणीचे आणि रोगाचे. किळस हा युक्तिवाद नव्हे, पण शेजाऱ्याच्या दारात अळ्या रांगत गेल्या तर ती तक्रार खरीच असते आणि तिच्यावर घट्ट झाकण हाच उपाय. रोगाच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. जिथे या अळ्या दाटीने वाढतात तिथे घरमाशी अंडी घालायचे टाळते. साल्मोनेलासारखे काही जिवाणूही कमी होतात. जंतांची अंडी मात्र या प्रक्रियेत मरत नाहीत आणि कॅडमियमसारखा जड धातू अळीच्या शरीरात साठतो. म्हणून मैला किंवा मिसळलेला कचरा यांसाठी ही पद्धत निर्धोक म्हणता येत नाही. बागकाम करणाऱ्यांना आणखी एक धास्ती असते, हुमणीची. दोन्हींत गल्लत होण्याचे कारण नाही. हुमणीला सहा पाय असतात आणि हातात घेतली की ती अर्धवर्तुळात वळते. ही अळी सरळ, चपटी, चामड्यासारख्या कातडीची आणि बिनपायांची असते. जिवंत मुळांना ती तोंड लावत नाही.

मग पुण्यात हे तंत्र कुठे बसते? जिथे कचरा एकजिनसी आणि रोजचा आहे तिथे : गुलटेकडीचे मार्केट यार्ड, महात्मा फुले मंडई, मोठी उपाहारगृहे, वसतिगृहांच्या खानावळी. थंडीत किमान तापमान दहा अंशांच्या आसपास उतरले की अळी मंदावते, आणि माशीला मीलनासाठी ऊन लागत असल्याने पावसाळी अंधारातही अंडी कमी मिळतात. त्यामुळे बारमाही प्रकल्पाला उबदार खोली आणि दिव्यांचा खर्च धरावाच लागेल. त्याहून मोठी अट वर्गीकरणाची. प्लॅस्टिकची पिशवी आणि काच अळी खात नाही; ती बाजूला काढणारा हात लागतोच. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून २००८ मध्ये महापालिकेच्या दारोदार संकलनात उतरलेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था हे काम शहरात करत आली आहे. तिच्याशिवाय अळीचा कोणताही प्रकल्प कागदावरच राहील.

घरच्या डब्याला यातले काहीच लागत नाही. अळ्या दिसल्या तर डबा ओतू नये. पाणी निथळू द्यावे, वर दोन मुठी कोरडा पाला पसरावा, झाकण लावावे, आणि त्या निघून गेल्यावर महिनाभर थांबून मगच खत कुंडीत घालावे.