आजारी कामगार आणि देशाचा ताळेबंद

सुरतेच्या दक्षिणेस असलेले सचिन हे नाव मराठी वाचकाला इतिहासातून परिचित असावे. जंजिऱ्यावरील हक्क सोडण्याच्या बदल्यात सिद्दी बाळूमियाँला पेशव्यांकडून 1791 मध्ये जो मुलूख मिळाला, त्यातून हे छोटे संस्थान उभे राहिले. आज तेथे गुजरात औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. यंत्रमाग, कापडाची रंगाई-छपाई करणाऱ्या गिरण्या आणि रसायनांचे कारखाने ही तिची ओळख. 6 जानेवारी 2022 च्या पहाटे या वसाहतीतील नाल्यात टँकरमधून रासायनिक द्रव्य सोडले जात असताना विषारी वायू पसरला. सहा कामगार दगावले आणि वीसहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले.

अशा दुर्घटनेची बातमी होते. वर्षानुवर्षे झिजत जाणाऱ्या शरीराची होत नाही. अर्थव्यवस्थेची मोठी हानी मात्र तेथेच होत असते.

प्रौढ माणसाचे आजारपण बालक किंवा वृद्धाच्या आजारपणाहून आर्थिकदृष्ट्या वेगळे असते, कारण त्याच्या श्रमावर घरातील इतर माणसे अवलंबून असतात. क्षयरोगाने किंवा मूत्रपिंडाच्या विकाराने कमावता माणूस अंथरुणाला खिळला, की मजुरी थांबते आणि औषधांचा खर्च त्याच महिन्यात सुरू होतो. प्रथम बचत जाते, मग दागिने, मग कर्ज. अखेरीस मुलाची शाळा सुटते. म्हणजे एका पिढीच्या आजाराची वसुली पुढच्या पिढीच्या कमाईतून होते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. ब्रिटनमध्ये 1790 ते 1980 या काळात दरडोई उत्पन्नात जी वाढ झाली, तिचा सुमारे 30 टक्के भाग सुधारलेल्या पोषणामुळे होता, असा अंदाज नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट फोगेल यांनी मांडला.

सुरतेच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. येथील मागांवर ओडिशातील गंजामचे मजूर मोठ्या संख्येने आहेत, आणि खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे उधना-लिंबायत परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. दूरवरून एकटा आलेला मजूर काम झेपेनासे झाले की गावी परततो. त्याच्या धडधाकट वर्षांचे उत्पादन सुरतेच्या खात्यावर जमा होते, तर आजारपणाची वर्षे गावाच्या माथी पडतात. औद्योगिक शहराच्या भरभराटीच्या आकड्यांत हा खर्च कोठेच दिसत नाही.

कायद्याने यावर उपाय योजलेला आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेखाली पात्र कामगाराला आजारपणात वर्षाला कमाल 91 दिवस 70 टक्के वेतन मिळते. पण त्यासाठी कामगाराचे नाव हजेरीपटावर हवे आणि त्याच्या वेतनातून वर्गणी भरलेली हवी. ठेकेदाराच्या हाताखाली, नोंदीविना राबणाऱ्यास हे संरक्षण कागदावरच राहते.

सामूहिक भीतीची किंमत सुरतेने सप्टेंबर 1994 मध्ये अनुभवली. प्लेगच्या साथीत देशभर मृतांचा आकडा साठच्या आतच राहिला. तरी लाखो लोक शहर सोडून गेले, निर्यात आणि पर्यटनाला फटका बसला. भारताचे नुकसान दीड ते दोन अब्ज डॉलरच्या घरात गेल्याचे अंदाज नंतर मांडले गेले. त्या मानाने शहर स्वच्छ ठेवणे किती स्वस्त, हे 1995 पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत सुरतेनेच दाखवून दिले.

आता साथींपेक्षा मोठा भार असंसर्गजन्य आजारांचा आहे. 2012 ते 2030 या कालावधीत असे आजार आणि मानसिक विकार यांमुळे भारताचे 4.58 लाख कोटी डॉलरचे उत्पादन बुडेल, असा अंदाज जागतिक आर्थिक मंच व हार्वर्ड विद्यापीठाच्या 2014 च्या अहवालात आहे. याबाबत गोव्याला सचिनकडे दुरून पाहण्याची मुभा नाही: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण, 26.4 टक्के, आपल्याच राज्यात आढळले.