शिट्टी, कार्ड आणि रेफरीचा अधिकार

१८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला. त्याच वर्षी फुटबॉलचे नियम बदलले. तोवर दोन अम्पायरांतील मतभेद मिटवण्यापुरता मैदानाबाहेर उभा असणारा रेफरी आत आला. निर्णय त्याचा झाला. पण तो खेळाडूंना कळावा कसा?

१९६६ च्या विश्वचषकात जर्मन रेफरी क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रातीन याला बाहेर काढले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. दुभाष्याची मागणी करत रातीन मैदानातच थांबला. या गोंधळानंतर केन ॲस्टन या इंग्लिश रेफरीला वाहतुकीच्या दिव्यांवरून पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना सुचली. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात ती अमलात आली.

आज हिंगोलीच्या मैदानावरही तेच कार्ड दुभाष्याविना समजते. अधिकार नियम देतो. विश्वास मात्र सर्वांना स्पष्ट दिसणाऱ्या निर्णयातूनच येतो.